सुधाकरभाऊंच्या छातीतली धूळ

सुधाकरभाऊ,

तुमच्या फोटोखाली गल्लीतल्या पोरांनी ‘डेंटल डॉक्टर’ असं छापलं आहे. गल्लीच्या तोंडाशी तो श्रद्धांजलीचा फ्लेक्स अजून बांधलेला आहे. तुम्ही असतात तर स्वतः स्टुलावर चढून उतरवला असतात. एकदा माझ्या दवाखान्यात एका पेशंटने तुम्हाला डॉक्टरसाहेब म्हटलं, तर तुम्ही त्याला तिथल्या तिथे थांबवलं होतं. “मी डॉक्टर नाई बापा. डॉक्टर या मॅडम. त्या दात घासून बारीक करतात, मी त्याच्यावरची कॅप बनवतो.” तो माणूस हसला. तुम्ही हसला नाहीत.

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. अकोल्यात माझ्या खुर्चीवर रोज कुणी ना कुणी तोंड उघडतं आणि आत तुम्ही दिसता. परवा एक बाई दात साफ करून घ्यायला आल्या. उजवीकडची खालची दाढ तुमची. चौदा वर्षं झाली त्या कॅपला. दाढेच्या खाचेत तुम्ही एक बारीक तपकिरी रेघ भरली होती, चहा पिणाऱ्या माणसाच्या खऱ्या दाढेत असते तशी. मी आरसा धरून ती रेघ बघत राहिले. बाईंनी हातानेच विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, छान आहे.

मला तुमच्याशी एक बोलायचं होतं. तुम्ही होतात तोवर बोलले नाही. आता पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सुरुवात केली तर मी पुन्हा सोयीचं तेवढंच सांगेन.

नागपूरहून शिकून येऊन मी अकोल्यात दवाखाना टाकला, त्या पहिल्या वर्षी माझ्या कॅप निघून यायच्या. रूट कॅनल केलेला दात ठिसूळ होतो, त्यावर कॅप घातली नाही तर एखाद दिवशी साध्या शेंगदाण्याने तो दुभंगतो, हे पेशंटला पटवून द्यायला मला छान यायचं. कॅप टिकवायला येत नव्हतं. एक मास्तर तिसऱ्यांदा आले. रुमालाची गाठ सोडली, आतली कॅप माझ्या टेबलावर ठेवली आणि खुर्चीवर जाऊन बसले. त्याच दिवशी मी एका ज्येष्ठ डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अमरावतीला एक माणूस आहे, त्याच्याकडे जा.

प्लास्टरचे साचे स्टीलच्या डब्यात घालून मी एसटीने आले. राजापेठेच्या मागे, तुमच्या घराला लागून त्या दोन खोल्या. लांब बाक, खाली ओढता येणारा दिवा, घासायचं मशीन, कोपऱ्यात भट्टी. तुम्ही साचा हातात घेतलात, दिव्याखाली फिरवलात आणि मला बसा म्हणायच्या आधी विचारलंत, “कोनं घासला हा दात?”

“मी.”

“मॅडम, राग येईन तुमाले. पन याच्यावर कोनाचीबी कॅप टिकनार नाई. वर असा निमुळता केला तुमी, गाजरासारखा. सरकनारच ते. आन कॅप जिथं टेकते तो काठ कुठी हाय याचा? मले तं दिसतच नाई. तुमचा काठ दिसला नाई का मी माह्या मनानं काढतो, आन मंग तिथूनच दात सडते.”

मी सत्तावीस वर्षांची होते. पदवीची फ्रेम नुकतीच भिंतीवर लागली होती. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी तुमच्यावर धुमसत होते. मूर्तिजापूरनंतर गप्प झाले, कारण तुमचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी मास्तरांचा दात मी पुन्हा घासला आणि नवीन माप तुम्हाला पाठवलं. तुमचा फोन आला. “हां. आता काठ दिसला.” इतकंच. तेवढ्या शब्दांनी मला कॉलेजातल्या कुठल्याही शाबासकीपेक्षा जास्त बरं वाटलं होतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मास्तर गेले सहा वर्षांपूर्वी. ती कॅप शेवटपर्यंत हलली नाही.

पण त्या पहिल्या भेटीतलं आणखी एक सांगायचं राहिलं आहे. तुम्ही एक धातूची कॅप घासत होतात. मशीनच्या टोकाखालून राखाडी भुकटी उडत होती. ती तुमच्या हातावरच्या केसांत होती, भुवयांत होती, चष्म्याच्या दांडीवर होती. मधेच तुम्ही कॅप ओठांजवळ नेऊन फुंकर मारायचात आणि ती सगळी धूळ तुमच्याच तोंडाभोवती तरंगायची. तोंडावर काही बांधलेलं नव्हतं. खिडकी बंद होती, कारण वाऱ्याने सिरॅमिकची पावडर उडते. मला ते दिसलं. आणि मला दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकातला एक परिच्छेद आठवला. कॅप बनवणाऱ्यांच्या फुप्फुसात धातूची आणि वाळूची धूळ बसते, फुप्फुस हळूहळू कडक होतं, आणि एकदा झालं की ते परत मऊ होत नाही. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही म्हणून आम्ही तो परिच्छेद सोडायचो. मी सोडला नव्हता. मी वाचला होता.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. तुम्ही मला माझं काम शिकवत होतात, आणि तुमच्यापुढे मी पोरसवदा होते, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

मग आपलं सुरू झालं. सकाळच्या एसटीत कंडक्टरच्या हाती डबा, संध्याकाळी तुमचा फोन. आठवड्यातून दोनदा तरी आपण भांडायचो. तुम्ही कॅप चावताना लागेल इतकी उंच ठेवलीत म्हणून मी, माप ओढाताण करून काढलं म्हणून तुम्ही. एकदा मी मास्कची पेटी घेऊन आले होते, आठवतं? तुम्ही एक लावून बघितलात, चष्म्यावर वाफ धरली, तुम्ही तो गळ्यात ओढलात. पुढच्या वेळी आले तेव्हाही तो गळ्यातच होता. मी हसले होते. आपण दोघेही हसलो होतो.

पातूरकडच्या वर्षा नावाच्या पोरीबद्दल आपलं जे भांडण झालं ते तसंच राहिलं.

ती आली तेव्हा चोवीस-पंचवीसची असेल. वरचे पुढचे चार दात तुटलेले. सोबत सासू. न्हाणीत पाय घसरला, असं सासूनेच सांगितलं. मी चारही दातांचं रूट कॅनल केलं. कॅपचा रंग ठरवायला तुम्ही स्वतः अकोल्याला आलात. माझ्या ट्यूबलाइटवर तुमचा विश्वास नव्हता. तिला खिडकीत उन्हाकडे तोंड करून उभं केलंत, रंगांची पट्टी ओठाशी धरलीत, आणि तिच्या लग्नाचा फोटो मागून घेतलात. फोटोत तिचा एक दात शेजारच्यावर जरासा चढलेला होता. मी म्हटलं, सरळ करून टाका. तुम्ही म्हणालात, “नाई मॅडम. सरळ केला तं ते तिचं तोंड नाई राहनार. दुसऱ्याच बाईचं व्हईन.” कॅप बसल्यावर तिने आरशात पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. मग तो हात तिने हळूच काढला.

वर्ष व्हायच्या आत ती परत आली. दोन कॅप गेलेल्या, एक दात मुळापासून मोडलेला. पुन्हा न्हाणी. पुन्हा सासू, या वेळी बाहेर बाकड्यावर. मी केसपेपरवर ‘पडून इजा’ असं लिहिलं आणि कामाला लागले. तुम्ही पुन्हा रंग बघायला आलात. मी पलीकडच्या खुर्चीवरच्या पेशंटकडे गेले, परत आले तर ती खिडकीशी भिंतीकडे तोंड करून रडत होती. तुमच्या हातात पट्टी तशीच.

“कोन मारते, इतकंच विचारलं म्या,” तुम्ही म्हणालात.

ती तोंड धुवायला गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात. तुमचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. “मॅडम, तुमी घंटे न् घंटे या पोरीच्या तोंडात हात घालून होत्या. तुमाले विचारावं नाई वाटलं?”

“भाऊ, आपलं काम दातांचं आहे. लोकांच्या घरात कशाला शिरायचं?”

“मंग मी कावून बनवून राहिलो? त्यानं तोडाव आन म्या बनवाव, असं हाय का?”

तिने तुम्हाला अचलपूरच्या भावाचा नंबर दिला होता. तुम्ही माझ्याच टेबलावरून फोन लावलात. मी दार लावून घेतलं, सासूला ऐकू जाईल म्हणून. तिचा भाऊ दोन दिवसांत येऊन तिला घेऊन गेला. तीन महिन्यांनी ती अचलपूरहून त्याच्यासोबत आली आणि मी तिचे दात बसवले. ओठावर एक व्रण राहिला होता. दात बसल्यावर तिने पहिलं काय विचारलं असेल? “ते भाऊ नाई आले का आज?”

पुढे कितीदा तरी मी तुम्हाला म्हटलं, नशिबाने बरं झालं, उलटंही झालं असतं, पोरीवरच बेतलं असतं. तुम्ही दर वेळी एकच विचारायचात. “विचारलं नसतं तं काय झालं असतं, ते सांगा पहिले.” मला ते नडगीला लागल्यासारखं लागायचं. का लागायचं, ते आता कळतं. मी पाहत असते आणि विचारत नाही. माझा तो स्वभाव तुम्ही पहिल्यांदा ओळखलात, माझ्या तोंडावर सांगितलात, आणि तरी त्यात तुम्ही स्वतः सापडाल असं तुमच्या मनात आलं नाही.

नंतर मशीन आलं. तोंडात कॅमेरा फिरवायचा, चित्र संगणकातून मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवायचं, तिकडे यंत्र पांढऱ्या ठोकळ्यातून कॅप कोरून काढतं, चार दिवसांत कुरिअरने डबी हातात. काठ इतका चोख बसतो की घासायला जागा राहत नाही. मी पहिल्यांदा दोन-चार केसेस पाठवल्या, मग निम्म्या, मग सगळ्याच. तुम्हाला काही सांगितलं नाही. एसटीत डबा द्यायचं बंद झालं तेव्हा तुमचाच फोन आला.

“मॅडम, काही चुकलं का माह्यं?”

“नाही हो भाऊ. सध्या पेशंटच कमी आहेत.”

तुम्ही “बरं,” म्हणालात. “तब्येतीले जपा.” माझ्या बाहेरच्या खोलीत त्या वेळी नऊ माणसं बसलेली होती. त्यांच्या बोलण्याचा आवाज तुम्हाला फोनमधून ऐकू गेला असणारच.

माझ्यासारखेच बाकीचे डॉक्टरही सुटत गेले. तुमच्याकडे उरलं ते नुसत्या धातूच्या कॅपचं काम, खेड्यापाड्यातल्या पेशंटसाठी, स्वस्तातलं, ढिगाने. त्यात तुमच्या रंग भरायच्या ब्रशला काही काम नव्हतं. नुसतं घासणं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत घासणं.

खोकला कधी सुरू झाला ते मला नक्की सांगता येणार नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. मला कळलं तेव्हा तुम्ही टीबीचं औषध घेत होतात. कुणीतरी छातीचा फोटो पाहून ते सुरू केलं होतं. फोटोत टीबीसारखंच दिसतं, आपल्याकडे टीबी घरोघर, त्यामुळे आणखी काही विचारायची कुणाला गरज वाटली नसावी.

आणि त्याच सुमाराला माझ्या आईच्या दातांचं निघालं. वरचे सहा दात झिजून झिजून हिरडीला टेकले होते. मी साऱ्या गावाला मशीनच्या कॅप बसवत होते, भाऊ, पण स्वतःच्या आईसाठी मला तुमचा हात हवा होता. दोन वर्षं ज्यांना काम दिलं नव्हतं त्यांना मी फोन केला आणि म्हटलं, आईचं तुम्हीच करा. तुम्ही एका शब्दानेही टोचलं नाहीत. “आईचं म्हन्ता? मंग मी येतो रंग पाहाले.” तुम्ही आलात. माझ्या दवाखान्याच्या अकरा पायऱ्या चढताना तुम्ही दोनदा थांबलात. मी वर उभी राहून बघत होते.

आईला तुम्ही खिडकीत बसवलंत, तिच्या शाळेच्या गोष्टी काढल्यात, तिला हसवलंत. मधे खोकला आला की पट्टी खाली ठेवून बाहेर जायचात. जाताना पायरीवर थांबून मला म्हणालात, “टीबीचं औषध संपलं मॅडम, खोकला नाई संपला.”

“नागपूरला छातीच्या डॉक्टरला दाखवून या, भाऊ.”

“जातो न. पहिले आईचं करतो, मंग जातो.”

आणि मी म्हटलं, “बरं.”

हेच मला तुम्हाला सांगायचं होतं. मला त्या पायरीवर, त्या क्षणी, सगळं समजलं होतं. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकातलं ते पान मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मी म्हणायला हवं होतं, भाऊ, हा टीबी नाही, ही तुमची धूळ आहे, आज घरी जाऊन मशीनचं बटण दाबू नका. एवढ्याला अर्धं मिनिट लागलं असतं. पण मी बोलले असते तर आईच्या कॅप राहिल्या असत्या. मी असा हिशोब मनात मांडला असं नाही. मी फक्त “बरं” म्हटलं.

तीन आठवडे तुम्ही त्या सहा कॅप घासत होतात.

मग तुम्ही नागपूरला गेलात. संध्याकाळी फोन आला. “मॅडम, इतके डॉक्टर झाले, याच डॉक्टरनं पहिल्यांदा विचारलं, काम काय करता.” मग पुढे म्हणालात, “माह्या छातीत म्हने म्या घासलेलं सगळं जमा होऊन बसलं हाय.” तुम्ही हसायचा प्रयत्न केलात, त्याचा खोकला झाला, आणि फोन शोभावहिनींनी घेतला.

मला त्या वेळी वाटलं, आता तुम्ही विचाराल, तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही विचारलं नाहीत. पुढच्या दीड वर्षात एकदाही नाही. मी दर महिन्याला येत होते. बाकावर चादर टाकलेली, भट्टीवर वह्या, आणि घरात ऑक्सिजनचं ते मशीन दिवसभर घरघरणारं. तुम्ही उशीला टेकून बसलेले. भुवया पहिल्यांदाच काळ्या दिसत होत्या.

शेवटची भेट दुपारची. वहिनी आत होत्या. मी खरंच ठरवून आले होते. “भाऊ, मला तुम्हाला एक सांगायचं आहे,” असं म्हटलंही. तुम्ही हात वर केलात. तुम्हाला एका दमात चार-पाच शब्दच बोलता यायचे, त्यामुळे तुम्ही आधी श्वास जमवलात.

“पहिले माह्यं ऐका. आईची डावीकडची… शेवटची कॅप. तिचा काठ… थोडा उघडा राहिला.”

“कुठे? मला तर नाही दिसला.”

“हाय. दम लागला होता… हात हालला. म्या तसंच पाठवलं.” तुम्ही डोळे मिटून थांबलात. “तुमाले सांगाले पायजे होतं. तिथं अन्न अडकलं… तं काढून टाका. मशीनची बसवा.”

तुम्ही माझी माफी मागत होतात, सुधाकरभाऊ. केसाएवढ्या फटीसाठी. मी समोरच्या खुर्चीत बसले होते. तुमचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. तुम्ही विचारलंत, “तुमी काय सांगत होत्या?” मी म्हटलं, “काही नाही. आई तुमची आठवण काढते.” त्यावर तुम्ही मान हलवलीत.

सहा दिवसांनी तुम्ही गेलात.

तुम्हाला नेल्यानंतर घरात बायकाच उरल्या होत्या. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत सरळ विचारलं, “मॅडम, तुमी डॉक्टर. या धुळीचं तुमाले मालूम होतं का?”

“नाही वहिनी,” मी म्हटलं.

त्यांनी हात सोडला. तेराव्याला मी आले नाही. पेशंट आहेत असा निरोप पाठवला. खोटं नव्हतं ते, पेशंट असतातच.

त्यानंतर आईचा तो काठ मी तपासला. बारीक सुईसारखं हत्यार फिरवलं, दोनदा फिरवलं, आणि तुम्ही म्हणालात त्याच जागी ते अडकलं. मला तिथेच बसून राहावंसं वाटलं. आईने विचारलं, “त्यांनी केलेलं बिघडलं का गं?” मी म्हटलं, “नाही, त्यांनी सांगितलं होतं तसंच आहे.” ती काढून टाका म्हणणारे तुम्ही होतात. मी अजून काढलेली नाही. फट बुजवली आहे.

या रविवारी मी अमरावतीला आले. दार वहिनींनीच उघडलं. उंबऱ्याच्या बाहेरूनच मी म्हटलं, “वहिनी, त्या दिवशी मी खोटं बोलले. मला माहीत होतं. शिकत होते तेव्हापासून माहीत होतं.”

वहिनी तूरडाळ निवडत होत्या, सूप हातातच होतं. त्यांनी ते खाली ठेवलं. “मले वाटलंच,” त्या म्हणाल्या. “लय लवकर नाई म्हनाल्या तुमी.”

मी उभी होते. त्या बसा म्हणाल्या नाहीत, पाणी विचारलं नाही. वऱ्हाडातल्या घरात याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला सांगायला नको.

“तुमी सांगतलं असतं तं त्यायनं ऐकलं असतं का?”

“माहीत नाही, वहिनी.”

“मलेबी नाई मालूम.” त्यांनी वाकून डाळीतला एक खडा काढला. “अडेल मानूस होता. पन सांगाले पायजे होतं.”

“हो.”

“किशोरले सांगतलं का?”

किशोर म्हणजे तुमच्या हाताखाली शिकलेला तुमचा किशोर. आता चाळिशी ओलांडली त्याने. दोन गल्ल्या सोडून त्याचं स्वतःचं शटर आहे. तुम्ही काम थांबवल्यावर ते धातूचं काम सगळं त्याच्याकडे गेलं, हे मला माहीत होतं. मी मान हलवून नाही म्हटलं. वहिनींनी चपला घातल्या, दाराला कडी लावली आणि माझ्यापुढे चालू लागल्या.

शटर अर्धं वर होतं. रविवार असूनही मशीन सुरू होतं. किशोर आम्हाला बघून उठला, “वैनी, तुमी?” वहिनी म्हणाल्या, “बस. मॅडमले काही सांगाचं हाय तुले.”

मी सांगितलं. पहिलं वाक्य नीट आलं नाही, पुढची आली. धूळ कुठे जाते, तिथे काय होतं, टीबीचं औषध त्यावर का चालत नाही, आणि हे सगळं तुमच्या बाबतीत मला दिसत असून मी का बोलले नाही, तेही. हे शेवटचं सांगताना मी वहिनींकडे बघू शकले नाही. तुम्हाला सांगायला हवं होतं ते मी तुमच्या गल्लीपासून दोन गल्ल्यांवर, तुमच्या बायकोसमोर, दुसऱ्याला सांगितलं.

किशोरने खाली बघतच ऐकलं. “दादाचं पाहिलं न म्या मॅडम. मले काय मालूम नाई का? पन बंद करून जाऊ कुठी? मले हेच येते.”

वहिनी पुढे झाल्या. पदराने त्यांनी त्याचं कपाळ पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं, आणि तो पदर उजेडात त्याच्या डोळ्यांपुढे धरला. पांढऱ्या पदरावर राखाडी पट्टा उमटला होता. किशोर त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने मागे हात नेऊन मशीन बंद केलं.

उद्या ते पुन्हा सुरू होणार होतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मी त्याच्या बाकाची लांबी मोजली, खिडकी कुठे फोडता येईल ते पाहिलं. बाकावरची धूळ जागच्या जागी ओढून बाहेर टाकणारं यंत्र मिळतं, तोंडावर घट्ट बसणारा, चष्म्यावर वाफ न येणारा मास्क मिळतो. हे सगळं तेव्हाही मिळत होतं. यंत्र बसवणाऱ्या माणसाला मी तिथूनच फोन लावला. तो गुरुवारी येतो म्हणाला.

परतताना वहिनी पुन्हा माझ्यापुढेच चालल्या. फाटकाशी आल्यावर मी थांबले. त्या आत गेल्या, कडीवर हात ठेवला.

“गुरुवारी तुमी स्वतः या,” त्या म्हणाल्या. “फोनवर नोका सांगजा. बसवलं का नाई ते मी उभी राहून पाहीन.”

आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.